मागच्या बाकावरचा खोकला

सतराव्या मिनिटाला गोकुळ खारतोडे खोकला.

खोकला काही मोठा नव्हता. घसा साफ करावा तसा एकच, सुका. पण फळ्याकडे तोंड करून दहाचा तेविसावा घात लिहिणाऱ्या वल्लरी मॅडमचा हात जागच्या जागी थांबला. त्या वळल्या. समोर पहिल्या वर्षाची साठ पोरंपोरी, साठही जणांचे डोळे मॅडमवर, चेहरे घासलेल्या तांब्यासारखे लख्ख.

"समजलं का?"

"होय मॅडम."

साठ गळ्यांतून एकच होकार. सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव वाचायच्या आधीच 'मंजूर' ओरडतात ना, तसा.

शेवटच्या बाकावरून पुन्हा खोकला आला.

वल्लरी मॅडमनी खडू ठेवला आणि हात झटकले. "बरं. मोल राहू दे बाजूला. सोमेश्वरनगरला कारखान्यावर कोण कोण गेलंय?"

पंधरावीस हात वर झाले.

"उसाची गाडी आली की काय करतात? टिपरी मोजतात?"

वर्ग हसला. दुसऱ्या रांगेतली प्रतिक्षा म्हणाली, "काट्यावर घालत्यात मॅडम. टिपरी कोण मोजंल, म्हातारं हुईल माणूस."

"मग गाडीत टिपरी किती, ते कळतच नाही?"

"एका टिपराचं वजन ठावं असलं की कळतंय की."

"बस. अणू म्हणजे तुमची टिपरी. मोजत बसलात तर म्हातारे व्हाल. म्हणून काट्यावर घालायचे. अशी एक ठरलेली गाडी असते, तिचं नाव मोल."

शेवटच्या बाकावर गोकुळने मांडीवरच्या वहीत लिहिलं : 'सतरा. फळ्याकडं तोंड. सुटली. काटा. एकविसाला वळली.' मग पेनाला टोपण लावलं. हा काटा त्यानेच मॅडमना मागच्या साली व्हरांड्यात सांगितला होता. पण पुस्तकातली व्याख्या आधी म्हणून दाखवायची हौस कुठल्या मास्तराची सुटली आहे, की ती वल्लरी मॅडमची सुटावी?

गोकुळचं वय त्रेपन्न. हुद्दा तंत्रसहायक, अध्यापन साहाय्य कक्ष, नीराकाठ विद्यापीठ. हे विद्यापीठ बारामतीहून इंदापूरला जाताना डाव्या हाताला लागतं. कमान अशी उंच की गेटवरचा पहारेकरी सांगायचा, पावसाळी ढग इथे अडकतो, म्हणून पलीकडच्या गावांना पाऊस नाही. कक्षात माणसं किती म्हणाल तर एक. त्या एकाने शिकवणाऱ्यांना यंत्रांची मदत करायची, त्यांचे धडे चित्रफितीत बसवायचे, कुठे चित्र हवं, कुठे गोष्ट हवी, कुठे गप्प बसायला हवं ते सुचवायचं. पुण्यामुंबईत या कामाला लांबलचक इंग्रजी नाव आणि काचेची खोली असते. गोकुळला जिन्याखालची खोली होती, आणि नाव नव्हतं. खोकला होता.

तो खोकला कसा आला, ते आधी सांगितलं पाहिजे.

सव्वीस वर्षांपूर्वी गोकुळ लागला तो प्रोजेक्टर उचलायला. तो पहिला प्रोजेक्टर इतका जड होता की जिन्यावरून वर न्यायला चार माणसं लागत आणि पाचवा वाटेतल्या लोकांना सांगत जाई की बाबांनो, टोप्या काढू नका, आत माणूस नाही. तो लावायचा आणि मागे बसून राहायचं, एवढंच काम. संख्याशास्त्राचे माधव सर तेव्हा भरात होते. त्यांच्या वर्गात भिंतीवर एक पाल होती. तीन वर्षं सरांचं ऐकून ती इतकी शहाणी झाली की माशी दिसली की आधी संभाव्यतेचा विचार करी, आणि तोवर माशी उडून जाई. शेवटी उपाशी मेली. हे दत्तोबा शिपाई आजही शपथेवर सांगतो.

तर माधव सर एके दिवशी बोलता बोलता थांबले. "समजलं का?" वर्ग म्हणाला, "होय सर." आणि मागे गोकुळला ठसका लागला. हसू दाबताना लागतो तसा.

तास संपल्यावर सरांनी त्याला पकडलं. "काय रे, हसलास का?"

"न्हाय सर, खोकला."

"खरं सांग."

गोकुळने पायाच्या अंगठ्याने फरशी उकरली. "सर, कुणालाबी समजलं न्हाय."

"तुला संख्याशास्त्र येतं?"

"न्हाय सर."

"मग?"

"माना, सर. तुमी म्होरनं तोंडं बघता. मी मागनं माना बघतोय. समजलं की मान ढिली पडतीया, जरा शेजाऱ्याकडं कलतीया. न्हाय समजलं की ताठ. सगळ्या ताठ व्हत्या."

दुसरा कुणी मास्तर असता तर गोकुळ त्याच दिवशी कन्हेरीच्या आपल्या घरी परत गेला असता. माधव सर मात्र म्हणाले, "उद्यापासून ताठ दिसल्या की खोकत जा."

झालं. रिवाज पडला. हळूहळू बाकीचे शिक्षकही, कुणी लाजत, कुणी चोरून, बोलवू लागले. 'गोकुळ, जरा अकराच्या तासाला मागे बसतोस का?' काही सुधारले. काहींनी त्याच्या टेबलावर खडीसाखर ठेवली. एका प्राचार्यांनी तर त्याला क्षयाच्या तपासणीला पाठवलं. एक्सरे स्वच्छ निघाला तेव्हा म्हणाले, मग खोकतोस कशाला, सोडून दे. आणि प्रत्येक तासाचं गोकुळ लिहीत गेला : कुठल्या मिनिटाला वर्ग सुटला, तेव्हा मास्तर काय करत होता, कशाने परत वळला. अशा एकतीस वह्या भरल्या. विद्यापीठात कुठला धडा कुठे पाय मोडून पडतो, ते त्या जिन्याखालच्या खोलीत मांडून ठेवलेलं होतं, आणि कुलगुरूंपासून कुणालाच ते ठाऊक नव्हतं. माधव सरांना होतं. ते चार वर्षांपूर्वी गेले.

यंदा जुलैत कॅमेरे आले.

कंपनी पुण्याची. तिचा माणूस विराज, अठ्ठावीस वर्षांचा, दाढी कोरलेली, स्वभावाने इतका गोड की त्याच्यावर रागवायचं म्हटलं तरी आधी चहा विचारावा लागे. प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर एक काळा डोळा बसला. तो सगळ्यांचे चेहरे बघणार, कोण बघतंय, कोण जांभई देतंय ते मोजणार, आणि तास संपता संपता पडद्यावर आकडा देणार : वर्गाचं लक्ष एवढे टक्के, आकलन एवढे टक्के. कक्षाचं नाव बदलून 'डिजिटल अध्ययन केंद्र' झालं, वर संचालक म्हणून पूर्वी नावाच्या मॅडम आल्या. हुशार बाई. कामाला वाघ.

पोरांना ते यंत्र कळायला दोन दिवस लागले. डोळे उघडे, हनुवटी वर, तोंड काळ्या डोळ्याकडे; आत मन कुठे का हिंडेना. तिसऱ्या दिवसापासून आकडे नव्वदीच्या खाली उतरेनात. एका पोराने उघड्या डोळ्यांनी झोपायची कला साधली आणि आठवडाभर सर्वांत लक्ष देणारा विद्यार्थी म्हणून त्याचं नाव पडद्यावर झळकलं. त्याला जागा करून अभिनंदन करावं लागलं.

आणि सर्वांत खाली कुणाचं नाव होतं? यंत्राला आधी गोकुळ ओळखूच येईना. 'अनोळखी इसम, शेवटचा बाक' असा इशारा रोज सुरक्षा खोलीत वाजू लागला. मग विराजने त्याचा चेहरा नोंदवला. तर हा माणूस फळ्याकडे बघत नाही, शिकवणाऱ्याकडे बघत नाही, नुसता पोरांच्या मानांवर नजर फिरवत बसतो. लक्ष, तीन टक्के.

"सबंध विद्यापीठात सगळ्यात ढ कोण, तर आमचा गोक्या," दत्तोबा टपरीवर सगळ्यांना सांगत होता. "सव्वीस वर्सं पयल्या वर्षात बसलाय, अजून तीन टक्के."

"तुझं किती रं?"

"मी वर्गात जातच न्हाय. माझं शंभर."

गोकुळ हसला. पण चहा अर्धा राहिला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पूर्वी मॅडमनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर काहीच नव्हतं, नुसता एक संगणक आणि एक छोटं निवडुंग.

"खारतोडे, बसा. तुमच्यामुळे अॅव्हरेज खाली जातोय सगळ्या वर्गांचा. तुम्ही मागे बसणं बंद करू या. आता गरज पण नाही ना, सिस्टिम आहे."

"म्याडम, एक इचारू?"

"विचारा ना."

"त्ये तोंडं बघतंय. तोंडावरनं न्हाय कळत."

पूर्वी मॅडमनी मान तिरकी केली. ऐकणाऱ्या बाई होत्या त्या, हे गोकुळला मागून न बघताही कळलं.

"मग कशावरून कळतं?"

त्याने सांगितलं, मेंढपाळ बापाकडून उचललेलं मागनं बघणंही. सांगताना त्याचं त्यालाच ते वेडगळ वाटायला लागलं. काचेच्या खोलीत मान, मेंढरं, खोकला हे शब्द उघडे पडल्यासारखे दिसतात. तरी सव्वीस वर्षांत कधी काही मागितलं नव्हतं, ते त्या दिवशी मागितलं. "एकदा तपासून बघा. एक तास. यंतर त्येचा आकडा दिल, मी माझा. दुसऱ्या दिवशी पोरांची परीक्षा घ्या. माझा चुकला तर मी आपला जातो वह्या घिऊन. बरोबर आला तर तेवढा मागचा बाक ठिवा. बाकी काय नगं."

मॅडम निवडुंगाकडे बघत राहिल्या. "ठीक आहे. पण एक अट. त्या तासाला तुम्ही खोकायचं नाही. नाहीतर ती टेस्ट फेअर नाही होणार."

आता हे रास्तच होतं. गोकुळ कबूल झाला.

रविवारी तो कळसला गेला, वडिलांना भेटायला. बापूसाहेब, घरात तात्या, पंच्याऐंशीचे. एकेकाळी चारशे मेंढरं घेऊन कोकण उतरायचे. आता कळप नाही, रानात डाळिंब आहे, आणि म्हातारा लिंबाखाली बाजेवर. डोळ्यांत फूल पडलेलं, कान मात्र असे की शेजारच्या शिवारात कुणी बिडी पेटवली तर ब्रँड सांगेल.

"तात्या, कॅमेरा बसवलाय वर्गात. तोंडं मोजतंय."

"कुणाची?"

"पोरांची."

म्हातारा पोट धरून हसला. "तोंडं काय मोजायची? मेंढराचं तोंड येकच असतंय. खातंय तवाबी तसंच आन् मरतंय तवाबी तसंच." मग बाजेच्या दोरीवर बोटं फिरवत तो आपल्या जुन्या गोष्टीत शिरला. ती गोष्ट दर वेळी वाढायची. यंदा त्यात दोन लांडगे आणि एक फॉरेस्टचा साहेब नव्याने आला होता. मूळ एवढंच, की वरंधा घाटात दाट धुकं, हात पुढे केला तर परत येताना तो आपलाच आहे की नाही याची खात्री नाही, आणि बापूसाहेब चारशे मेंढरांच्या मागे. "तर चारश्यातल्या येका मेंढीचं ढुंगान लचकलं. येकच. म्या म्हनलं थांबा. म्होरं धा हातावर कडा सुटल्याला."

"आन् म्होरं कोण व्हतं?"

"तुझा चुलता. त्यो म्हनला, मला काय दिसलं न्हाय. दिसंल कसं? म्होरं चालतोय त्यो पुढारी, मागं चालतोय त्यो मेंढका. पुढाऱ्याला कडा दिसत नसतोय. तू अजून मागंच बसतूस न्हवं?"

"व्हय तात्या."

"मग झालं."

गोकुळने त्याला पुढचं काही सांगितलं नाही.

तो तास मंगळवारी होता. वल्लरी मॅडमचाच, रसायनशास्त्र, द्रावणाची तीव्रता. त्यांना चाचणीचं ठाऊक होतं. अटीचं सांगायचं मात्र पूर्वी मॅडमकडून राहून गेलं, आणि गोकुळला वाटलं त्यांनी सांगितलं असेल. दोन शहाण्या माणसांच्या मध्ये एक निरोप पडला की तो असाच पडून राहतो.

बाराव्या मिनिटाला माना ताठल्या.

मॅडम फळ्यावर मोल भागिले लिटर लिहीत होत्या, आणि बोलता बोलता त्यांनी मध्येच मिलिलिटरचं लिटर केलं, तोंडानेच, न लिहिता. तिथे धडा कड्यावर आला. प्रतिक्षाची मान ताठ, तिच्या शेजारणीची ताठ, खिडकीकडची सबंध रांग खुंट्या मारल्यासारखी. गोकुळच्या घशात आलं. त्याने जीभ टाळूला लावली.

मॅडमचा हात फळ्यावर हळू झाला. त्या वाट बघत होत्या, हे त्याला त्यांच्या पाठीवरून दिसलं. एक क्षण, दोन. मागून काही आलं नाही. मग त्यांचे खांदे सैल पडले. पोरांना समजलं, असं समजून त्या पुढे गेल्या.

पुढची छत्तीस मिनिटं गोकुळने कशी काढली ते त्याच्या रुमालाला विचारावं. घाम त्याने पुसला आणि खोकला त्याने चावला. मॅडम एकामागून एक उदाहरणं सोडवत होत्या, आज वर्ग किती छान चाललाय म्हणून आवाजात आनंद आला होता, आणि त्या आनंदाच्या मागून पन्नासएक जणं एकेक करून कड्यावरून खाली जात होती, तोंडं वर करून, डोळे उघडे ठेवून. शेवटी त्यांनी विचारलं, "समजलं का?" आणि उत्तर ऐकून हसल्या.

यंत्राने सांगितलं, साठांपैकी सत्तावन्न जणांना आकलन. गोकुळने वहीतलं पान फाडून पूर्वी मॅडमच्या हातात दिलं : 'बारा. लिटर तोंडानं. सुटली ती सुटलीच. अकरा जणांना समजलं.' खाली अकरा नावं.

बुधवारी सकाळी परीक्षा झाली. दुपारी विराजच कागद घेऊन जिन्याखाली आला. बारा पास होते.

"एकानी चुकलं काका तुमचं. पण तरी, मानलं."

गोकुळने यादी बघितली. "ह्यो बारावा पोरगा. परीक्षेत कुणाच्या मागं बसला व्हता?"

विराजने फोनवर बघितलं. तो पोरगा प्रतिक्षाच्या मागे बसला होता, आणि प्रतिक्षा अकरातली होती. "तिला मागनं कळलं व्हतं, शेवटच्या पाच मिंटात," गोकुळ म्हणाला. "घरी जाऊन परत वाचलं आसंल तिनं." दोघांच्या कागदावर चूक सुद्धा एकाच ठिकाणी होती. विराज म्हणाला, "काका, हे कसलं भारी आहे," आणि ते त्याने मनापासून म्हटलं.

त्या संध्याकाळी गोकुळने कन्हेरीला जाताना मोटारसायकल हळू चालवली. बायकोला, सुकन्याला म्हणाला, "बाक राहिला बहुतेक." तिने दाण्याचं कूट घातलेली वांगी केली होती; त्याने तीन भाकरी खाल्ल्या. तिने मोजल्या नाहीत, पण तिच्या लक्षात आलं.

गुरुवारी पूर्वी मॅडमनी बोलावलं. वल्लरी मॅडम आधीच बसल्या होत्या, डोळे सुजलेले.

"खारतोडे काका, तुम्ही खोकला का नाहीत?" त्यांनी विचारलं.

गोकुळने पूर्वी मॅडमकडे बघितलं. पूर्वी मॅडमनी निवडुंगाकडे.

"माझ्याकडून सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "सॉरी, वल्लरी."

"मी वाट बघितली. मला वाटलं, आज जमलं." वल्लरी मॅडम उठल्या. "नऊ वर्षांत पहिल्यांदा वाटलं होतं, आपल्याला आता खोकला लागत नाही." आणि निघून गेल्या.

दार लागलं. पूर्वी मॅडमनी संगणक बाजूला वळवला. "तुमचं बरोबर आलं, खारतोडे. तेच अवघड झालंय."

"म्हंजी?"

"पुढच्या महिन्यात मूल्यांकन समिती येतेय. तिला दाखवायला माझ्याकडे पंचाण्णव टक्के आकलन आहे. सगळ्या विभागांचं. तुमचा आकडा खरा धरला तर अठरा टक्के. तो मी कुठे दाखवू?"

"पर खरा हाय न्हवं."

"खरा आहे. मी वर बोलले. खरंच बोलले. ते म्हणाले, परीक्षा कुणी घ्यायला सांगितली होती? ती परीक्षा रद्द केलीय. झालीच नाही असं धरायचं."

गोकुळ उभाच होता. खुर्ची होती, बसावंसं वाटलं नाही.

"तुमची नोकरी कुठे जात नाही," मॅडम म्हणाल्या. "सभागृहात ध्वनियंत्रणेवर टाकलंय तुम्हाला. माइक, स्पीकर. एसी आहे तिथे."

"आन् वह्या?"

"वह्या द्या विराजला. तो अपलोड करेल. तेवढं मी करते."

विराजने खरोखर प्रयत्न केला. जिन्याखाली तो पहिली वही मांडीवर घेऊन बसला, समोर पडद्यावर रकाने : विषय, शिक्षक, तारीख, हजेरी, लक्ष, आकलन. त्याने वाचलं, 'नऊ. प्रश्न विचारला, उत्तर यायच्या आत स्वतःच दिलं. सुटली.' रकान्यांवरून बोट फिरवलं. पुढची नोंद वाचली. 'तेवीस. स्वतःच्या लेकीचा दाखला दिला. वळली. सर रडवेलं.' पुन्हा बोट फिरवलं.

"काका, यात मिनिट टाकायला जागा नाहीये."

"लक्षाच्या घरात टाका."

"तिथे फक्त टक्के घेतं."

"बरं."

"मी कंपनीला लिहितो. नवीन व्हर्जनमध्ये कदाचित..."

"लिवा," गोकुळ म्हणाला. "चहा घ्या. गार हुतोय."

वह्या त्याने पुन्हा रचून ठेवल्या. खोली सामानाला हवी होती, म्हणून दत्तोबाने त्या खोक्यांत भरल्या, आणि खोक्यांवर काय लिहू म्हणून विचारलं. गोकुळला सुचेना. दत्तोबाने आपल्या मनाने 'मान' लिहिलं. पुढे काहीतरी लिहायचं असावं असं त्यालाही वाटलं, पण खडू संपला. दुसऱ्या दिवशी खोकी कन्हेरीला गोकुळच्या माळ्यावर गेली. शेवटचे बाकही काढले. कॅमेऱ्याला तिथवर नीट दिसत नव्हतं.

समिती येण्याआधी आठ दिवस सगळ्या शिक्षकांचं प्रशिक्षण ठेवलं. सभागृहात, विराज मंचावर, पूर्वी मॅडम पहिल्या रांगेत, आणि खाली दीडशे शिक्षक. गोकुळ सगळ्यांत मागे, ध्वनियंत्रणेच्या टेबलाशी. समोर खालीवर सरकणारी बटणं होती, आणि त्यांच्या पलीकडे दीडशे माना.

त्याने बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण ज्याने आयुष्यभर कळपामागून चाललंय त्याला डोळे कुठे ठेवायचे ते कोण शिकवणार?

विराज शिकवत होता चांगलं. आकड्यांचा फलक कसा उघडायचा, समितीसमोर कुठला तक्ता आधी दाखवायचा, आकलन कमी दिसलं तर कुठली खिडकी बंद ठेवायची. चौदाव्या मिनिटाला त्याने एकदम तीन तक्ते एकात घातले. आणि दीडशे माना, पगडीवाल्या प्राध्यापकांपासून काल लागलेल्या पोरीपर्यंत, एका झटक्यात ताठ झाल्या. सव्वीस वर्षांत गोकुळने इतक्या ताठ माना एका जागी पाहिल्या नव्हत्या.

"समजलं ना सगळ्यांना?" विराजने विचारलं.

"होय सर," दीडशे शिक्षक म्हणाले.

आणि गोकुळला खोकला आला. त्याने आणला नाही. तो आला. सुका, एकच. सभागृह नवीन होतं, आवाज घुमवणारं. तो खोकला छताला लागून सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला.

चौथ्या रांगेत वल्लरी मॅडमची मान हलली. इतकी थोडी, की पुढून बघणाऱ्याला ती दिसली नसती. ती मागे वळायला निघाली, अर्ध्यात थांबली, आणि पुन्हा सरळ झाली. बाकी कुणाची हललीच नाही.

विराजने मंचावरून हात कपाळाशी धरून मागे बघितलं. आवाजात खरी काळजी होती. "अरे, काकांना त्रास होतोय. दत्तोबा, जरा पाणी द्या ना त्यांना."

दीडशे माणसं थांबली. दत्तोबा भिंतीकडेने पेला घेऊन आला. त्याने पेला टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच त्याला काही थट्टा सुचली नाही. गोकुळने पेला उचलला आणि सगळं पाणी घोट घोट करत संपवलं, कारण सगळे थांबले होते.

"आता बरं वाटतंय काका?"

"व्हय सर," गोकुळ म्हणाला.

विराज पुन्हा बोलायला लागला. त्याचा आवाज शेवटच्या रांगांना नीट पोचत नव्हता. गोकुळने पेला पालथा ठेवला, आणि मधलं बटण बोटभर वर सरकवलं.